दहा गुंठे, सेंद्रिय, आणि आठवड्यातून एकच बाजार: भाज्या चार की चौदा?

वाफसा:
छोट्या सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की जो तो 'विविधता ठेवा' म्हणतो. मला हे पटत नाही. 10 गुंठ्यांत, म्हणजे साधारण 1000 चौरस मीटरांत, चार भाज्यांच्या पुढे जाऊ नये. मेथी 25-30 दिवसांत उपटायला येते, कोथिंबिरीला 40च्या आसपास लागतात, टोमॅटो लागवडीनंतर दोन महिने काही देत नाही. सगळ्यांना एकाच मापाने पाणी दिलं की पालक सुकतो नाहीतर गाजर तडकतं. काढणीचंही तेच. पालेभाजी पहाटे काढून, गार पाण्यात बुडवून ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, पण भेंडी ओली राहिली की काळी पडते. एक-दोन माणसांनी चौदा तऱ्हा सांभाळायच्या म्हटलं की निंदणी मागे पडते, आणि तणनाशक नसताना ती तीन आठवडे राहिली की तो वाफा गेलाच समजा. भेंडी, काकडी, टोमॅटो, पालक. एवढंच करा, पण नीट करा.

खुरपं:
साफ असहमत, आणि कारण तुमच्या यादीतच आहे. भेंडीचं फळ फूल उमलल्यापासून आठवडाभरात जून होतं, म्हणून तोडा एक दिवसाआड. काकडीही जवळपास तशीच. बाजार आठवड्यातून एकदा, मग मधल्या तोड्यांचं काय करणार? फळं झाडावर ठेवली तर झाड बी भरण्याच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी येतात. एकच बाजार असेल तर निम्मी जागा थांबणाऱ्या भाज्यांना द्या: गाजर, बीट, कोबी, कांदा, लाल भोपळा. गाजर जमिनीत दोन आठवडे सहज थांबतं. भोपळा देठासकट कापून हवेशीर जागी ठेवला तर महिनोनमहिने टिकतो. उरलेल्या जागेत मेथी-पालकाचा दर आठवड्याला एकच वाफा पेरायचा, 1.2 मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. शिवाय चारच पिकं असताना पांढऱ्या माशीने भेंडीवर केवडा (पानं पिवळी पाडणारा रोग) आणला, तर पाव दुकान रिकामं.

शंकासुर:
'गाजर लावा' म्हणायला काय जातंय! बी वर यायलाच 10 ते 15 दिवस, तोवर तण त्याच्या डोक्यावर. सेंद्रियात ते बोटांनी निवडत बसणार कोण?

खुरपं:
तण गाजराच्या आधी उगवून घ्यायचं. वाफा दोन आठवडे आधी तयार करून भिजवायचा. तण दोन पानांवर आलं की वरची 2 सेंटिमीटरच माती उन्हात खरवडायची. त्याहून खोल गेलात तर खालचं बी वर येतं आणि सगळं मुसळ केरात. मग गाजर पेरून वर गोणपाट टाकायचं आणि ते रोज ओलं ठेवायचं. पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, नाहीतर कोंब त्यातच गुंततात आणि काढताना तुटतात. एवढं करूनही एक निंदणी लागतेच, पण एकच.

बांधावरून:
दोघंही भाज्या मोजताय, त्यांची वनस्पती-कुळं कोण मोजणार? वाफसा यांच्या चार भाज्या चार वेगळ्या कुळांतल्या आहेत. खुरपं यांच्या यादीत बीट आणि पालक एकाच घरचे. त्यात कोणी वांगी-मिरची वाढवली की टोमॅटोबरोबर एकच कूळ तिप्पट जागा खातं, आणि त्या कुळाला लागणाऱ्या मर रोगाचे जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. याला विविधता म्हणत नाहीत.

दुसरं, कोबी सुचवलात, पण त्याला लागणारं नत्र (नायट्रोजन)? हेक्टरी 20 टनांच्या हिशेबाने 10 गुंठ्यांना 2 टन शेणखत. त्यात नत्र अर्धा टक्का, म्हणजे 10 किलो, आणि पहिल्या हंगामात त्यातलं फार तर तिसरा हिस्सा पिकाला मिळतं. सगळीकडे कोबी लावला तर तो 12-15 किलो मागेल. म्हणून कोबी ठेवा दोन-तीन वाफेच. त्याला वरून पेंड द्या आणि त्या जागी आधी हिरवळीच्या खतासाठी चवळी किंवा ताग घ्या. ताग फुलावर येताना गाडायचा, उशीर केला तर काड्या कुजता कुजत नाहीत. खत अर्धवट कुजलेलं टाकलंत तर ते मातीतलंच नत्र ओढून घेतं, पानं पिवळी पडतात. वर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, फुकट.

वाफसा:
तागाला दीड महिना, गाडल्यावर कुजायला आणखी दोन आठवडे. म्हणजे दोन महिने तो वाफा रिकामा. 10 गुंठ्यांत ही चैन आहे, पेंडच बरी. खुरपं यांचा कोबीही फुकट येत नाही. ठिपक्यांच्या पतंगाची अळी बारीक असतानाच पकडावी लागते. 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळा, साबण मिसळा आणि संध्याकाळीच फवारा, कारण उन्हात अर्काची ताकद जाते. पानाच्या खालून फवारा बसला नाही तर सगळं वाया. हे एका पिकासाठी झालं. चौदांसाठी करून बघा. राहिला भेंडीच्या मधल्या तोड्यांचा प्रश्न. ते बाजारात न्यायचेच नाहीत, आसपासची घरं कायमची गिऱ्हाईकं म्हणून बांधून घ्यायची आणि आठवड्यातून दोनदा माल पोचवायचा.

शंकासुर:
बांधलेलं घर आठवड्यातून दोनदा नुसती भेंडी-काकडी घेईल? त्यांना पिशवीत सहा-सात भाज्या लागतात, आणि त्याही दर वेळी त्याच नकोत. म्हणजे साहेब, चौदांवर तुम्हीच आलात.