लायब्ररींच्या कॅटलॉगला फ्रेमवर्क हवंच का?

धागाकर्ता:
ओपन सोर्स लायब्ररींचा (म्हणजे तयार कोडच्या संचांचा) कॅटलॉग वेबपानावर करायचाय. 400 च्या आसपास नोंदी, नाव, लायसन्स, शेवटचं व्हर्जन, गिटहबचे स्टार्स (तिथे लोकांनी नोंदवलेली पसंती), आणि कॉलमच्या नावावर क्लिक केलं की सॉर्ट, बास. याला फ्रेमवर्क (ब्राउझरमध्ये पान चालवणारा तयार सांगाडा) नकोच असं माझं मत. डेटा एका जेसन फाइलमध्ये, ह्यूगो नाहीतर इलेव्हन्टीने (डेटावरून पानं आधीच बनवून ठेवणारी टूल्स) त्याचं साधं एचटीएमएल टेबल, वर थोडंसं जावास्क्रिप्ट. स्क्रिप्ट लोड नाही झाली तरी यादी दिसते. पटतंय का?

सेमीकोलन:
नाही पटत. आज सॉर्ट मागताय, उद्या लोक लायसन्सचा फिल्टर मागणार, मग दोन फिल्टर एकत्र, मग तसाच निकाल दुसऱ्याला पाठवायला लिंक, आणि ते थोडंसं जावास्क्रिप्ट इतकं वाढतं की लिहिणाऱ्याशिवाय कोणी हात लावत नाही. रिअ‍ॅक्ट किंवा स्वेल्टसारखं फ्रेमवर्क घ्या, स्टेट (कुठला सॉर्ट, कुठला फिल्टर लावलाय ते) एका जागी राहते. शिवाय बिल्ड करून (म्हणजे पान आधीच बनवून) ठेवलेले स्टार्स शिळेच ना?

धागाकर्ता:
लाइव्ह स्टार्स ब्राउझरमधून आणायचे तर गिटहबची एपीआय (प्रोग्रामने डेटा मागायची सोय) लॉगिनशिवाय एका आयपीला तासाला 60 च रिक्वेस्ट देते. एकेका लायब्ररीचं विचारत बसलात तर पहिल्याच भेटीत पान अर्धवट राहणार, मग ते रिअ‍ॅक्टमध्ये लिहा नाहीतर कशातही. रोज रात्री एकदा बिल्ड चालवलं की झालं, स्टार्स एक दिवस जुने असले म्हणून कोणाचा निर्णय बदलत नाही. लिंकचा मुद्दा मात्र बरोबर, पण क्वेरी स्ट्रिंग (लिंकमधला ? नंतरचा भाग) वाचायची सोय ब्राउझरमध्येच आहे.

टॅब_की:
टूलवरून काय भांडताय, गोची सॉर्टमध्येच आहे! व्हर्जन नुसती स्ट्रिंग म्हणून लावली तर 1.10 हे 1.9 च्या आधी येतं. जावास्क्रिप्टच्या कोलेटरला (स्ट्रिंगचा क्रम ठरवणारी सोय) न्यूमेरिक ऑप्शन दिला की तेवढं सुटतं, पण मग 2.0.0-बीटा हे 2.0.0 च्या नंतर जाऊन बसतं, सेमव्हरच्या (व्हर्जनला नंबर द्यायची पद्धत) नियमाने ते आधी हवं. त्यासाठी वेगळा कंपॅरेटर (दोन व्हर्जनची तुलना करणारं फंक्शन) लागतोच. आणि प्लीज, हेडिंगमध्ये खरं बटण टाका, एरिया-सॉर्ट (कॉलम कसा सॉर्ट झालाय ते सांगणारं एचटीएमएल अ‍ॅट्रिब्यूट) लावा, नाहीतर स्क्रीन रीडरवाल्याला यादी कशावर लागलीये ते कळतच नाही.

सेमीकोलन:
हे सगळं टॅनस्टॅक टेबलवर (टेबलं बनवायची लायब्ररी) सोपं जाईल.

टॅब_की:
ते हेडलेस आहे, सॉर्टचं लॉजिक देतं, मार्कअप तुमचं तुम्हालाच लिहायचंय, म्हणजे एरिया-सॉर्ट तिथेही हातानेच. माझं मत साध्या टेबलला. नोंदी लाखात गेल्या तर सर्व्हरवर सॉर्ट करावं लागेल, 400 साठी नाही.