घरघंटीच्या ताज्या कणकेचा बनाना ब्रेड मधेच का बसतो?

दळणाचा_डबा · रविवार, दुपारी ३.१०

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नेमकं उत्तर देता येणार नाही.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. दिवाळीत घरघंटी घेतली. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत, दाढा जवळपास सगळ्या गेल्यात. चारच्या चहाबरोबर त्यांना काहीतरी मऊ लागतं. बिस्किटं बुडवून खाऊन ते अगदी कंटाळलेत. मुलगी सुट्टीला आली होती तेव्हा तिने मैद्याचा बनाना ब्रेड केला. त्याचे दोन काप त्यांनी आपणहून मागून घेतले. हल्ली ते कुठलीच गोष्ट मागत नाहीत, म्हणून ते माझ्या मनात राहिलं. पण मैद्याने त्यांचं पोट दोन दिवस साफ होत नाही. तेव्हा ठरवलं की घरी दळलेल्या कणकेचाच करायचा. सासूबाईंमुळे अंडं नाही.

तीन वेळा केला, तिन्ही वेळा बिघडला.

पहिल्या वेळी मिश्रण फार पातळ वाटलं, म्हणून अर्धा कप कणीक वाढवली. ब्रेड फुगला खरा, पण कोरडा झाला. सुरी लावली की चुरमा.

दुसऱ्या वेळी कृतीत होतं तसंच, दोन कप मोजून घेतले. वरून छान, पण थंड झाल्यावर मधोमध खळगा. कापला तर तळाशी बोटभर जाडीचा, खरवसासारखा चिकट पट्टा. ५५ मिनिटं भाजूनही.

तिसऱ्या वेळी सर्वांत बारीक जाळी लावून दळलं आणि दळलेलं लगेच वापरलं. कणीक हाताला चांगली गरम लागत होती. सगळं कालवलं, मग लक्षात आलं की ओटीजी, म्हणजे आमचा छोटा विजेचा ओव्हन, तापवायचाच राहिलाय. तो तापेपर्यंत वीस मिनिटं मिश्रण ओट्यावर. आधी त्यावर बुडबुडे आले, मग ते बसलं. ब्रेड दोन इंचसुद्धा वर आला नाही.

गहू सिहोर, वर्षाचा भरलेला, एरंडेल लावलेला. केळी जळगावची मोठी, चार. दही पाव कप, तेल, गुळाची पावडर, एक चमचा सोडा. टिन ८ बाय ४ इंचाचा, १८० वर, दोन्ही कॉइल चालू.

दुकानातल्या तयार पिठाने हाच ब्रेड बरा होतो, तेही करून पाहिलं. मग ताज्या कणकेत असं काय वेगळं आहे? पुन्हा तयार पिठाकडे जायचं नाहीये. घरच्या कणकेच्या बिघडलेल्या ब्रेडलासुद्धा जो वास होता ना, गोडसर, दळणाचा डबा उघडल्यावर येतो तसा, तो त्या तयार पिठात नाही.

---

चिंचवडकर · रविवार, दुपारी ४.०२

अर्धा मैदा घाला, प्रश्न मिटेल. शिवाय पुणे उंचावर आहे, त्यानेही केक बसतात असं वाचलंय.

---

पावभट्टी · रविवार, संध्याकाळी ७.३५

उंचीचं मनातून काढून टाका. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. बेकिंगची मापं बदलावी लागतात ती ९०० मीटरच्या आसपास गेल्यावर. आणि ताईंनी मैदा का नको ते स्पष्ट लिहिलंय.

ताई, तुमच्या तिन्ही ब्रेडची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्ही तुम्हीच लिहिलीत. मी कोथरूडला घरून ब्रेड विकते, सगळे घरच्या कणकेचे, त्यामुळे हे सगळं माझंही करून झालंय.

दुसऱ्या ब्रेडपासून सुरू करते. तुम्ही कपाने मोजलंत. ताजी दळलेली कणीक हवा भरून फुललेली असते, डब्यात दबून बसलेली नसते. आत्ता उठून वजन केलं: माझ्या कपात ताजी कणीक १०४ ग्रॅम बसली, पिशवीतलं तयार पीठ १२८. दोन कपांत जवळजवळ ५० ग्रॅमचा फरक. केळी, दही तेवढंच आणि पीठ ५० ग्रॅम कमी, म्हणजे चिकट पट्टा येणारच. साधा वजनकाटा घ्या. या कामात त्याच्याइतकं उपयोगी काही नाही, महागड्या टिनांपेक्षा आधी तो.

पहिला ब्रेड. मिश्रण पातळ वाटलं ते खरंच पातळ होतं, पण तेवढ्यापुरतंच. कणकेतला कोंडा ओलावा हळूहळू ओढतो. मैदा कालवला की लगेच घट्ट होतो, कणकेला अर्धा तास लागतो. तुम्ही धीर न धरता पीठ वाढवलंत, आणि मग दोन्ही पिठांनी मिळून ओव्हनमध्ये सगळं पाणी शोषलं. पोळ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवतो ना, तेच इथेही करायचं.

आणि तिसऱ्या वेळी नेमकं तेच झालं, पण सोडा घातल्यावर. केळं, दही, गूळ, सगळ्यांत थोडीफार आंबट बाजू असते. सोडा त्यांना भेटला की लगेच वायू सुटतो, तो ओव्हनची वाट बघत नाही. तुम्हाला दिसलेले बुडबुडे म्हणजे तुमच्या ब्रेडची फुगण्याची ताकद, ती ओट्यावरच संपली. गरम कणकेने त्याला आणखी घाई केली.

म्हणून मिश्रण मुरवायचं सोड्याशिवाय, आणि सोडा घातल्यावर एक मिनिटही थांबायचं नाही.

माझं माप, बिनअंड्याचं:

कणीक २०० ग्रॅम. केळ्याचा गर २८० ग्रॅम, सोलून वजन करा. तुमची मोठी केळी असतील तर तीनही जास्त होतील. दही १०० ग्रॅम, आंबट असलं तरी चालेल. गुळाची पावडर ११० ग्रॅम. तेल ७० ग्रॅम. मीठ अर्धा चमचा, हे वगळू नका, मिठाशिवाय केळं मिळमिळीत लागतं. बेकिंग पावडर एक चमचा, सोडा अर्धाच. तुमचा एक चमचा सोडा या पिठाला जास्त होता, त्याने साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो. चमचा म्हणजे मापाचा ५ मिलीचा, चहाचा नाही.

कणकेतले दोन चमचे बाजूला काढून त्यात सोडा आणि बेकिंग पावडर चाळून ठेवा. बाकी सगळं कालवा, झाकून अर्धा तास ठेवा. त्यातल्या पंधराव्या मिनिटाला ओटीजी १७० वर लावा. तापला की सोड्याचं पीठ मिश्रणावर भुरभुरा, उलथन्याने खालून वर दहा-बारा वेळा फिरवा, घाटायचं नाही. लगेच टिनमध्ये, लगेच आत. ५५ ते ६० मिनिटं. सुरी मधोमध खुपसून बघा, कडेला नको. वरून लवकर लाल झाला तर ४० मिनिटांनी फॉइल टाका.

कापायची घाई नको. पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना आतला चीक बसलेला नसतो, चांगला ब्रेडही चिकट वाटतो.

---

गिरणीकाका · सोमवार, सकाळी ६.१५

शुक्रवार पेठेत ३४ वर्षं गिरणी चालवली. आता बंद आहे, जागा मुलाने भाड्याने दिली. केक-ब्रेड मला येत नाही, पण दळणाबद्दल सांगतो.

१. गरम पीठ डब्यात भरू नये, हे पूर्वीच्या बायकांना सांगावं लागत नसे. गिरणीतून डबा नेला की परातीत पसरत, नाहीतर झाकण उघडं ठेवून वर फडकं टाकत. गरम पिठाला झाकणाखाली घाम सुटतो, आणि मग गोळ्या होतात, लवकर जाळी धरते. तुम्हीही परातीत पसरून पूर्ण गार करा. तासभर पुरतो.

२. सगळ्यांत बारीक जाळी लावली की पीठ बारीक होतं, पण यंत्रात जास्त वेळ फिरतं आणि जास्त तापतं. पीठ कसं झालं ते डोळ्यांनी कळत नाही. चिमूट घेऊन अंगठा आणि पहिल्या बोटात चोळा. नुसतं मऊ लागून बोटाला चिकटलं की फार बारीक. रव्यासारखं टोचलं की जाडं. मऊ लागता लागता शेवटी किंचित खर लागली पाहिजे. माझ्याकडे दगड होते. दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत केला, की पहिल्या दिवशीचं पीठ वेगळं, महिन्यानंतरचं वेगळं, ते मी असंच चिमटीत ओळखायचो. बटणाच्या यंत्रातही चिमूट खोटं बोलत नाही.

३. एरंडेल लावलेला गहू तसाच टाकत असाल तर आधी जुन्या सुती पंच्यात घोळून घ्या. तेलाला पीठ लागून जाळीवर लेप बसतो.

४. आधी काय दळलं होतं? गिरणीत येणारी प्रत्येक बाई सांगायची, 'गव्हावर गहूच टाका हो.' बाजरीनंतर लगेच गहू दळला तर पहिला अर्धा किलो बाजरीचा वास घेऊन येतो. घरघंटीतही पहिले दोन मुठी वेगळे काढा, ते थालीपिठात जातील.

५. सिहोर पोळीला छान. पण अशा फुगणाऱ्या पदार्थाला मी लोकवन देईन. चव सिहोरइतकी गोड नाही, पण फुगणं सोसतो. बन्सी अजिबात नको, तो कडक गहू, रवा-शेवयांचा. खर राहील आणि तुमच्या सासऱ्यांच्या हिरड्यांना टोचेल.

---

खपलीप्रेमी · सोमवार, सकाळी ११.२०

काकांच्या यादीत खपली राहिली. आमच्याकडे सांगलीहून येते. दाण्याला टरफल घट्ट चिकटलेलं, कांडल्याशिवाय निघत नाही, म्हणून ती खपली. इथे आघारकर संशोधन संस्थेने तिचा बुटका वाणही काढलाय, एमएसीएस २९७१. पूर्वीची उंच खपली वाऱ्याने लोळायची.

मी तिचा बनाना ब्रेड करते. चवीला लोकवनपेक्षा सरस, जरा खमंग. पण तिच्या चिकाला (ग्लुटेनला) जोर नाही, म्हणून फुगतो कमी आणि काप पातळ केला तर मोडतो. दही २० ग्रॅम कमी घालते. पहिल्याच खेपेला घेऊ नका. लोकवनवर हात बसला की मग तिसरा हिस्सा खपली घालून बघा.

---

दळणाचा_डबा · सोमवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, बाजरीचं तुम्ही कसं ओळखलंत? तिसऱ्या वेळेआधी खरंच बाजरी दळली होती. सासरे ब्रेड हुंगून म्हणाले होते, 'यात भाकरीचा वास येतोय,' आणि मला वाटलं त्यांना भास होतोय. आत्ता जाऊन सांगितलं. फार बरं वाटलं त्यांना.

लोकवन उद्या आणते. केळी अजून पिवळी आहेत, शेवट हिरवट. थांबावं लागेल.

---

पावभट्टी · सोमवार, रात्री १०.१५

थांबाच. साल निम्म्याहून जास्त काळी पडेपर्यंत. पिकत जाताना केळ्यातल्या पिठाची साखर होते, पिवळ्या केळ्यात ती अजून पूर्ण झालेली नसते. चार-पाच दिवस लागतील. फ्रीजरमधली केळी वापरलीत तर सुटलेलं पाणी गरात धरून २८० मोजा, वरून आणखी काही ओतू नका.

---

दळणाचा_डबा · पुढचा रविवार, संध्याकाळी ५.४०

झाला.

लोकवन पंच्यात घोळला, पंचा खरंच तेलकट झाला. पहिल्या दोन मुठी वेगळ्या काढल्या. सर्वांत बारीक नाही, त्याच्या एक पायरी अलीकडची जाळी लावली. चिमूट घेऊन चोळली, आणि काका, ती शेवटची खर मला कळली. मग सासऱ्यांना दाखवली. ते लहानपणी आईबरोबर जात्यावर बसायचे. त्यांनी डोळे मिटून पीठ चोळलं आणि म्हणाले, 'पोळीचं आहे. पुरणाला आणखी बारीक हवं.'

परातीत तासभर पसरून ठेवलं. मिश्रण कालवलं तेव्हा तसंच पातळ दिसलं, उलथन्यावरून ओघळत होतं. हात पुन्हा कणकेच्या डब्याकडे गेला होता, पण नाही घातली. अर्ध्या तासाने झाकण काढलं तर तेच मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, उलथनं उचललं की त्यावर थबकून राहणारं. हे डोळ्यांनी बघितलं नसतं तर पटलं नसतं.

५८ मिनिटं लागली. मधोमध चीर पडली, खळगा नाही. तळाशी पट्टा नाही. सासऱ्यांनी पहिला काप चहात बुडवला, दुसरा तसाच खाल्ला. सासूबाईंनी तूप लावून घेतला.

आता दोनच प्रश्न. चीर पडणं दोष आहे का? आणि एवढा मोठा ब्रेड आम्ही चौघं दोन दिवसांत संपवत नाही, तो ठेवायचा कसा?

---

पावभट्टी · रविवार, संध्याकाळी ६.३०

चीर दोष नाही. वरचा थर आधी भाजून घट्ट होतो, आतलं नंतर फुगतं आणि तिथून वाट काढतं. सरळ रेषेत हवी असेल तर टिनमध्ये ओतल्यावर मधोमध तेलात बुडवलेल्या सुरीने रेघ ओढा.

ठेवायचं म्हणाल तर या हवेत बाहेर दोन दिवस, सुती कापडात गुंडाळून डब्यात. उकाड्यात एकच दिवस, केळ्यामुळे लवकर बुरशी येते. उरलेल्याचे काप करून मधे बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये टाका. खालच्या कप्प्यात नको, तिथे कडक होतो. सासऱ्यांसाठी काढाल तो काप तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून दोन मिनिटं, वर पाण्याचा एक हबका. पुन्हा मऊ होतो.

---

गिरणीकाका · सोमवार, सकाळी ६.०५

कणीकही लागेल तेवढीच दळत जा. दाण्यात असतो तोवर अंकुराचा स्निग्धांश बंद असतो, पीठ झालं की त्याला हवा लागते. चैत्र-वैशाखात पंधरा दिवसांत वास बदलतो, ज्याचं नाक चांगलं आहे त्याला आधी कळतो. तुमच्या सासऱ्यांना डबा हुंगायला देत जा. आणि पुरणाचं त्यांनी बरोबर सांगितलं.