‘चिकाटी असली की नर्सिंग जमतं’ म्हणणाऱ्यांना

रात्रपाळी: अमेरिकेत अल्पसंख्याक नर्सिंग विद्यार्थ्यांना तारते ती फक्त चिकाटी, बाकी सबबी, असं इथे कुणीतरी ठोकून दिलंय. दाखला मेरी एलायझा महोनींचा, अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिकेचा. डोकंच फिरलं! बाई १८७९ साली प्रशिक्षित परिचारिका झाल्या, पण त्याआधी त्याच हॉस्पिटलात वर्षानुवर्षं स्वयंपाक, धुणी करत होत्या. ही चिकाटी की दाराबाहेर ताटकळणं? आमच्या बॅचमधली सगळ्यात चिवट मुलगी रात्रभर नर्सिंग होममध्ये राबून सकाळी क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणाला, यायची. फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, नापास झाली. चिकाटी कमी पडली का झोप?

जुनी_सिस्टर: ठोकणारी मीच. दोन पोरं सांभाळून एनक्लेक्स, नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा, दिली मी, कुणी पायघड्या घातल्या नाहीत.

कडूकारलं: चिकाटी राहू द्या, तोंड उघडायची हिंमत लागते. काळ्या त्वचेवर सायनोसिस, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून येणारा निळेपणा, कसा ओळखायचा, असं मी वर्गात विचारलं. पुस्तकातले फोटो सगळे गोऱ्यांचे. उत्तर मिळालं, ‘परीक्षेला नाही ते.’ वर शेरा, ‘अ‍ॅटिट्यूड’!

जुनी_सिस्टर: विषय काय, तू बोलतेस काय! ऑक्सिमीटर लाव, आकडा दिसतो.

कडूकारलं: तोच आकडा फसवतो, सिस्टर! ‘न्यू इंग्लंड जर्नल’ हे वैद्यकीय नियतकालिक, २०२०. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९२ ते ९६ टक्के आणि प्रत्यक्ष रक्तात ८८ च्या खाली, हे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा सापडलं. म्हणून हिरड्या, पापणीची आतली बाजू बघायची.

नाडीपरीक्षा: नेलपॉलिशनेही आकडा चुकतो. काढा मोर्चा.

कडूकारलं: नेलपॉलिश पुसता येतं.

नाडीपरीक्षा: झालं, आता मी वर्णद्वेष्टा! यंत्राच्या मर्यादेवर बोलत होतो. ऑक्सिमीटरचा धागा वेगळा काढा बाई.

जुनी_सिस्टर: हिरड्यांचं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, मान्य. पण असले प्रश्न विचारायला आधी वर्गात टिकावं लागतं. टिकवते कोण? चिकाटी.

रात्रपाळी: आमच्या त्या मुलीला टिकवलं एका सीनियरने, अभ्यासगटात ओढून. दुसऱ्या खेपेला पास झाली. तिचा खरा गुण म्हणजे मदत मागायला लाजली नाही. आणि तुमच्या महोनीबाईसुद्धा एकांड्या नव्हत्या. कृष्णवर्णीय परिचारिकांची राष्ट्रीय संघटना १९०८ मध्ये निघाली, तिच्या पहिल्या अधिवेशनात स्वागताचं भाषण त्यांचंच. आता हेही घुसडा चिकाटीत.

जुनी_सिस्टर: घुसडलं.