कोल्हापूरची शाळा: दंडाने भरली की भाकरीने?

रंकाळाकाठ:
जून आला की शाहू महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यावर भाषणं सुरू होतात. १९१७ साली दरबारने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड ठेवला. मोठी गोष्ट आहे, वाद नाही. पण माझं मत असं की कोल्हापूर शिकलं ते बोर्डिंगांमुळे, म्हणजे वसतिगृहांमुळे. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं, जैन बोर्डिंगही तेव्हाचंच, मुस्लिम बोर्डिंग १९०६, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८. कायदा आला त्याच्या कितीतरी आधी खेड्यातली पोरं शहरात राहून, दोन वेळा जेवून शिकत होती. कायद्यानंतर पाच वर्षांच्या आत, १९२२ च्या मे महिन्यात, महाराज गेले. तेवढ्यात दंडाने असं काय साधलं?

पन्हाळाउतार:
रंकाळाकाठ, बोर्डिंगात जायला आधी गावात चार यत्ता तरी झालेल्या हव्यात ना? त्या कुठं झाल्या? बोर्डिंगात पोचला तो पाटलाचा, बऱ्या शेतकऱ्याचा, नाहीतर कुणाच्या तरी नजरेत भरलेला हुशार पोरगा. ज्याच्याकडे कुणाची नजरच गेली नाही त्याच्यासाठी कायदा होता. आणि सगळं लक्ष दंडावर का? सक्ती करायची तर आधी शाळा काढावी लागते, मास्तर नेमावा लागतो, त्याचा पगार द्यावा लागतो. खरी सक्ती दरबारवर होती, बापावर नंतर. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली असंच बिल केंद्रीय कायदेमंडळात आणलं आणि पुढच्या वर्षी सरकारने ते पाडलं. पैसा नाही म्हणाले. इथे एका लहान संस्थानाने पैसा काढला.

रंकाळाकाठ:
गोखल्यांना मतं मिळवायची होती, महाराजांना नुसता हुकूम काढायचा होता. ही तुलना जरा सोपी झाली. आणि पहिलेपणाचंच म्हणाल तर बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ ला तो सगळ्या संस्थानात नेला होता. शिवाय ज्या घरचा पोरगा गुरं राखतो, त्या घरात रुपया म्हणजे काय? दंड भरणाराही गरीबच.

चावडीवरचा:
तुम्ही दोघंही १९१९ विसरताय. त्या वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. माझ्या लेखी कोल्हापूरच्या शाळेचा इतिहास तिथून सुरू होतो. त्याआधी शाळा होत्या, पण कुणाची कुठली हे ठरलेलं होतं. रंकाळाकाठ, तुमची बोर्डिंगंही जातीजातीचीच की. दसरा चौकात उभं राहून पाट्या वाचा.

रंकाळाकाठ:
पाट्यांचं मान्य. त्या काळी एका पंगतीला कुणी बसलं नसतं म्हणून तसं केलं हे खरं, पण ती सोय पुढे सवय झाली हेही खरं. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिले आणि तिथल्या सोवळ्याओवळ्याशी त्यांचं पटलं नाही. पुढे साताऱ्यात स्वतःचं वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली. म्हणजे बोर्डिंगाने काय करावं आणि काय करू नये, दोन्ही ते इथेच शिकले. पण शिकले बोर्डिंगातच, एवढं माझ्या पदरात घाला.

पन्हाळाउतार:
घातलं. एक राहिलं: १९०२ चा जाहीरनामा. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी. शिकून नोकरी लागते हे गावात दिसल्यावर बाप पोराला आपणहून पाठवतो. भाकरी आणि दंड दोन्हींच्या आधी हे धरायला हवं.

चावडीवरचा:
हे पटलं. आता जरा आजचं. आमच्याकडे वीसच्या खाली पट गेला की शाळा शेजारच्या शाळेत मिसळायची भाषा सुरू होते. आणि इकडे कोल्हापुरात महापालिकेच्याच जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालक रांगा लावतात. दंड नाही, बोर्डिंग नाही, नोकरीची हमी तर नाहीच. रंकाळाकाठ, हे कुठल्या खात्यात मांडायचं?

रंकाळाकाठ:
मास्तरांच्या. त्यांच्याबद्दल आपण तिघांनीही अजून एक ओळ लिहिलेली नाही.

पन्हाळाउतार:
मी पगाराचं लिहिलंय, वर बघा.