रिमॅप: बावीस हजार इंजिनात घालायचे की टायरात?

शाहूपुरी_टर्बो

गाडी स्विफ्ट डिझेल, २०१५ ची, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. १.३ मल्टिजेट इंजिन, ताकद ७५ पीएस (हॉर्सपॉवर), ओढ म्हणजे टॉर्क १९० न्यूटन मीटर. मित्रानं हीच गाडी पुण्यातनं रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून आणली. वाघबीळवरनं पन्हाळ्याला चढताना मी शेजारी बसलो होतो. तिसऱ्या गिअरमध्ये तिनं जो लोड घेतला, तो बघितल्यापासून माझी गाडी मला म्हातारी वाटायला लागलीय. कोटेशन बावीस हजाराचं आहे. ९५ पीएसच्या आसपास जाईल, टॉर्क २४० होईल आणि वर अ‍ॅव्हरेज दोनानं वाढेल, असं सांगितलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं: करावं. हेच इंजिन सियाझ आणि एर्टिगामध्ये ९० पीएसनं विकलं गेलं. म्हणजे ताकद आत होतीच, कंपनीनं ईसीयूमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्ये, कुलूप घातलं. विरोध करणाऱ्यांनी "कंपनीला काय कळत नाही का" एवढंच लिहून जाऊ नये. कारण द्या.

उद्यमनगर_लेथ

घे कारण. ९० पीएसवाल्याचा टर्बोच, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखाच, वेगळा होता, बाळा. ७५ ला साधा टर्बो, ९० ला व्हेरिएबल जॉमेट्रीचा, ज्यात एक्झॉस्टच्या बाजूची पाती आरपीएमप्रमाणं फिरतात. ते काम सॉफ्टवेअरनं झालं नव्हतं, लोखंड बदललं होतं. आणि गंमत बघ, एवढा टर्बो बदलून कंपनीनं टॉर्क किती वाढवला? १९० चा २००. दहा. तुझा माणूस जुन्याच टर्बोवर २४० द्यायला निघालाय.

आता कुलूप कशासाठी असतं ते सांगतो. रिमॅप म्हणजे ईसीयूतल्या तक्त्यांचे आकडे बदलणं: कुठल्या आरपीएमला, किती पॅडलला किती डिझेल सोडायचं, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) किती होऊ द्यायचा, धूर दिसू नये म्हणून डिझेल कुठं अडवायचं, टॉर्क कुठं थांबवायचा. ह्यातली प्रत्येक मर्यादा थोडी मागं ठेवलेली असते. कारण ती गाडी मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढणार आहे, एअर फिल्टर वर्षभर कुणी बघितलेला नसणार आहे आणि डिझेल कुठल्या पंपावरचं आहे हे देवालाच ठाऊक. कंपनी गाडी तुझ्यासाठी बनवत नाही, सगळ्यात वाईट गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवून बनवते. ती राखलेली जागा तू बावीस हजार देऊन खाणार.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं हे आपल्याकडं फौंड्रीत काम केलेल्या पोरालाही माहीत आहे. डिझेल वाढलं आणि हवा तेवढी वाढली नाही की एक्झॉस्ट त्याच्या कितीतरी पुढं जातो. पिस्टन टिकतो, कारण खालून तेलाची धार मारून त्याला थंड ठेवलेलं असतं आणि ती उष्णता दर फेऱ्याला क्षणभरच लागते. पन्हाळ्याच्या चढाला काही होत नाही. पण करूळ घाटात सलग अर्धा तास पॅडल दाबून चढ, मग बोलू.

गगनबावडा_रोज

मिस्त्री, करूळचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी त्याच रस्त्यावरचा माणूस. कोल्हापूर, कळे, गगनबावडा, खाली वैभववाडी, कामासाठी कायम. पोलो १.५ टीडीआय, ९० पीएस, २३० न्यूटन मीटर. रिमॅप केलंय आणि परत गाडी घेतली तर परत करीन.

पिस्टन वितळायची भीती खरी आहे, पण ती वाईट फाइलची, म्हणजे वाईट रिमॅप सॉफ्टवेअरची भीती आहे. तुम्ही रिमॅप ह्या गोष्टीलाच बोल लावताय. माझ्याच इंजिनाची जीटी टीडीआय कंपनीनं १०५ पीएस आणि २५० न्यूटन मीटरनं विकली. मी ट्यूनरला, म्हणजे रिमॅप करणाऱ्याला सांगितलं, २५० च्या पुढं जायचं नाही. जिथवर कंपनी स्वतः गेली तिथवरच. आधी आणि नंतर डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) चढवून आलेख घेतला, मूळ फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर मागून घेतली. जो ट्यूनर डायनो नको म्हणतो आणि लॅपटॉप उघडून वीस मिनिटांत "झालं बघा" म्हणतो, त्याच्याकडून करून घेऊ नये, इथं मी तुमच्याच बाजूला आहे.

आता फायदा. लोकांना वाटतं रिमॅप म्हणजे हायवेला दीडशे. हायवेवर, विशेषतः सहापदरीचं काम काढल्यापासून, कुठं पळवणार? खरा उपयोग गळीत हंगामात कळतो. पुढं ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नाही, रस्ता दुपदरी. मोकळा तुकडा दिसतो तेवढ्यात तिसऱ्या गिअरला दोन हजार आरपीएमवर गाडीनं उठायला पाहिजे. कंपनीच्या मॅपवर ती विचार करत बसायची. आता बसत नाही. मला ही चैन वाटत नाही, सुरक्षितता वाटते.

उद्यमनगर_लेथ

२५० वर थांबलात हे शहाणपण. शंभरात एखादाच थांबतो, बाकीचे दुसऱ्या आठवड्यात "अजून थोडं ओढता येईल का" विचारायला जातात.

पण "विचार करत बसायची" त्याचं काय? तो टर्बो लॅग. एक्झॉस्टचा गॅस आल्याशिवाय टर्बाइन फिरत नाही. सॉफ्टवेअर गॅस कुठून आणणार? डिझेल जास्त सोडून. हवा अजून आलेली नाही आणि डिझेल आलंय, म्हणजे काळा धूर. चौथ्याऐवजी दुसरा गिअर टाकला असता तर फुकटात उठली असती.

गगनबावडा_रोज

मी तिसरा म्हणालो, चौथा नाही. आणि ट्रॉली ओलांडताना मध्येच गिअर बदलायला लागू नये हाच तर मुद्दा आहे. व्हेरिएबल टर्बोत पात्यांची स्थितीसुद्धा मॅपमधूनच ठरते, त्यामुळं बूस्ट थोडा लवकर आणता येतो, धूर न काढता. साध्या टर्बोला तुमचं म्हणणं लागू. स्विफ्टला लागू.

तांबडा_पांढरा

"जाळ अन् धूर संगटच" हे आपण तोंडानं म्हणायचो. रिमॅपवाल्यांनी ते सायलेन्सरला लावलंय. सायबर चौकात परवा एकानं सिग्नल सुटल्यावर असा धूर सोडला की मागचे चार मोटारसायकलवाले क्षणभर दिसेनात. पिकअप झकास होता, नाही म्हणत नाही.

आरटीओबाहेरचा_चहा

यंत्राचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो, कारण त्याबद्दल कुणी बोलेना.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. गाडी नोंदवताना भरायच्या फॉर्म २० मध्ये हॉर्सपॉवरचा रकाना असतो. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

आता कुणीतरी म्हणणार, "ओबीडी (गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं यंत्र) लावून तपासतंय कोण?" रस्त्यावर कुणीच नाही, खरं आहे. पीयूसीतही गाडी न्यूट्रलला उभी करून रेस देतात, घाटात लोडवर निघणारा धूर तिथं दिसत नाही. पण मोठा अपघात झाला, माणूस गेला, आणि विमा कंपनीच्या माणसानं ईसीयू वाचायला लावला तर? बदल कळवलेला नाही हे कारण त्यांच्या हातात आयतं पडेल. बावीस हजाराच्या हिशेबात हे कुणी धरत नाही.

गगनबावडा_रोज

मग अलॉय व्हील, जास्त वॅटचे बल्ब, भोंगे, काळ्या काचा? अर्ध्या एमएच ०९ गाड्या आत टाकायला लागतील.

आरटीओबाहेरचा_चहा

टाका की. मी कुठं अडवलंय.

राजारामपुरी_११वी_गल्ली

मधेच विचारतो, माझी वॅगनआर पेट्रोल आहे, १.२. रिमॅप केलं तर काही?

उद्यमनगर_लेथ

टर्बो नाही, त्यामुळं बूस्ट वाढवायचा प्रश्नच नाही. इग्निशन टायमिंग पुढं घेऊन चार-पाच पीएस निघतील, तेसुद्धा चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर. पैसे खिशात ठेव, स्पार्क प्लग बघून घे.

मॅप_म्हणजे_वेद_नव्हे

कंपनीच्या मॅपला इतकं सोवळ्यात ठेवू नका. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं ते काय होतं? ईसीयूला कळायचं की आत्ता चाचणी चालू आहे, मग इंजिन सभ्य वागायचं, आणि रस्त्यावर आलं की नायट्रोजन ऑक्साइड मोकळे सोडायचं. भारतात त्याच डिसेंबरात सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलवायचं जाहीर झालं, आणि उपाय काय, तर नवीन सॉफ्टवेअर! गगनबावडा भाऊ, तुमचं दीड लिटरचं इंजिन त्याच प्रकरणातल्या ईए१८९ घराण्यातलं. म्हणजे कंपनी स्वतः रिमॅप करते तेव्हा त्याला सर्व्हिस म्हणायचं आणि आम्ही केलं की गुन्हा?

रत्नागिरीची_लेक

दादा, ह्या उदाहरणावरनं तुम्ही उलटंच काढलंत. त्या मॅपमध्ये पिकअप आणि अ‍ॅव्हरेजसाठी धुराचा नियम मोडला होता, म्हणून जगभर बोंब झाली. रिमॅपवाला नेमकं तेच करतो, फक्त पावती देत नाही.

आणि आंबा घाटातनं माहेरी जाणारी बाई म्हणून एक सांगते. घाटात भीती चढताना वाटत नाही, उतरताना वाटते. उतरताना तुमचे ९५ पीएस काय कामाचे? पाऊस, शेवाळ, वळणावर एसटी. तिथं टायर आणि ब्रेक पॅड लागतात. बावीस हजारात चार नवीन टायर येतात, थोडे पैसे उरतात.

शाहूपुरी_टर्बो

टायर गेल्या दिवाळीला घातलेत ताई. ब्रेक पॅडचं ऐकलं.

अ‍ॅव्हरेजबद्दल मात्र कुणी बोललं नाही. मित्राच्या मीटरवर आता लिटरला २३-२४ दिसतं, आधी २१ दिसायचं. वर्षभरात डिझेलमध्ये पैसे सुटले तर बाकीचा हिशेबच बदलतो.

उद्यमनगर_लेथ

मीटरवर दिसतं ना? टाकीत बघितलंय का?

मीटर डिझेल मोजत नाही. ईसीयू सांगतो, मी अमुक प्रेशरला नोझल अमुक वेळ उघडा ठेवला, त्यावरून मीटर गणित करतो. मित्रानं खरंच फाइल बदललीय की ट्यूनिंग बॉक्स (ईसीयूला चकवणारा बाहेरचा डबा) लावलाय, विचार. स्वस्तातले पुष्कळ बॉक्स रेल प्रेशरच्या (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या) सेन्सरच्या वायरीत बसतात आणि ईसीयूला प्रेशर कमी दाखवतात. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो. नोझलमधनं डिझेल जास्त पडतं आणि हिशेबात कमी धरलं जातं. मग मीटर २४ दाखवणारच. एकाच पंपावर, एकाच नळीवर टाकी फुल्ल करा, पाचशे किलोमीटर चालवा, परत फुल्ल करा. जो आकडा येईल तो खरा.

सावकाश चालवताना रिमॅपमध्ये फारसा फरक नसतोच. पॅडल खाली दाबल्यावर फरक असतो आणि तिथं डिझेल जास्तच जळतं. ताकद काय आभाळातनं पडत नाही.

गगनबावडा_रोज

हे बरोबर आहे. माझं अ‍ॅव्हरेज टाकीवर मोजून होतं तेवढंच आहे. अ‍ॅव्हरेजसाठी रिमॅप करणाऱ्यानं करूच नये.

कागल_एमआयडीसी

बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. ती स्वतःला जाळून साफ करते, त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास तापमान आणि थोडा वेळ सलग चालवणं लागतं. घर ते दुकान, दुकान ते रंकाळा असं फिरणाऱ्याची आधीच तुंबते. त्यात जास्त डिझेल सोडणारा मॅप टाकला की काजळी वाढणार, गाळणी आणखी लवकर भरणार. मग तोच ट्यूनर दुसरा सल्ला देतो: डीपीएफ काढून टाकू, ईसीयूतनं त्याचा कोडही उडवू. आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये अशा दोन गाड्या आहेत, मागचा बंपर काळाकुट्ट. वॉरंटी गेलीच, आणि कोल्हापूरच्या हवेचं काय करून ठेवताय? बीएस-६ ला नाही म्हणजे नाही. ह्यावर मला चर्चाही करायची नाही.

गगनबावडा_रोज

नकोच. डीपीएफ काढणाऱ्याला मीही उभा करत नाही.

शाहूपुरी_टर्बो

म्हणजे शेवटी माझ्या गाडीचं रिमॅप करू नये असंच सगळ्यांचं?

उद्यमनगर_लेथ

सव्वा लाख झालेत. आधी चारही इंजेक्टरचं लीक-ऑफ (परत जाणारं डिझेल) बघ, टर्बोच्या शाफ्टला खेळ आलाय का बघ, पाइपातनं हवा सुटतेय का बघ, ईजीआर (एक्झॉस्टचा गॅस परत इंजिनात घेणारा व्हॉल्व्ह) साफ करून घे. मित्राच्या गाडीपुढं तुझी म्हातारी वाटली, त्यातली निम्मी तफावत इथंच असायची शक्यता आहे. १९० चा टॉर्क कारखान्यात होता, तुझ्या गाडीत आज किती उरलाय हे तुला माहीत नाही. १६० वर आलेल्या गाडीला फाइल टाकून २०० केलीस तर तुला स्वर्ग वाटेल, आणि मूळ रोग आतच राहील. आणि क्लच. त्याच क्लच प्लेटवर २४० टाकलास तर चौथ्या-पाचव्या गिअरला आरपीएम वर जाईल आणि गाडी जागेवर. गगनबावडावाल्यांना विचार, त्यांची प्लेट किती टिकली.

गगनबावडा_रोज

माझी काही झाली नाही. रिमॅपच्या आधीच नवीन घातली होती, प्रेशर प्लेटसकट.

उद्यमनगर_लेथ

हां! म्हणजे तुमचं रिमॅप बावीस हजारात नाही झालं. क्लच, मजुरी, डायनो, पुण्याला दोनदा जाणं-येणं धरा. चाळीसच्या पुढं गेलं असेल.

गगनबावडा_रोज

गेलं असेल. जानेवारीत कळ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉलीमागं माझ्याबरोबर एकदा बसा, मग आकडा सांगतो.

उद्यमनगर_लेथ

बसतो. पण दुसरा गिअर मी सांगीन तेव्हा टाकायचा.