क्लबवर सोलर: ऊन दुपारी, खेळ संध्याकाळी, मग उपयोग काय?

नेरुळकर
काल पाचपाखाडीकरांनी लिहिलं, ‘क्लबच्या छतावर सोलर म्हणजे सभासदांचे पैसे उन्हात वाळत घालणं. खेळ सातला सुरू होतो, तेव्हा सूर्य कुठे असतो?’ डोकंच फिरलं. अहो, आमच्या क्लबचं बिल दिव्यांनी नाही, पोहण्याच्या तलावाच्या फिल्टर पंपाने फुगतं. ५ एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट. ८ तास चालला की ३० युनिट. आमच्याकडे तो पहाटे चार तास आणि संध्याकाळी चार तास चालतो, कारण कधीकाळी कुणीतरी तशी वेळ लावून ठेवली. तो दुपारी चालवा, टाकीही दुपारीच भरा. १ किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. ८ किलोवॅटमध्ये पंप भागला. उरलेली वीज नेट मीटरमधून, म्हणजे दिलेली-घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरमधून, महावितरणला.

पाचपाखाडीकर
पोरं पाण्यात असताना फिल्टर बंद ठेवणार का? पोहणारे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला येतात, दुपारी तलाव रिकामा. शिवाय तुमची सरासरी जुलैत सांगा. चार महिने ढग, उत्पादन निम्म्यावर. आणि छतावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरांना आहे, सोसायट्यांना आहे; क्लबला एक रुपया नाही. सगळा खर्च सभासदांच्या खिशातून.

नेरुळकर
पोहण्याच्या वेळी पंप लागतो, हे बरोबर. आठच्या आठ तास हलणार नाहीत, चारेक हलतील. पण उन्हात क्लोरीन उडतं, त्यामुळे दुपारी पाणी फिरतं ठेवणं तसंही चांगलंच. आणि दिव्यांचं म्हणाल तर आधी ते ४०० वॅटचे जुने मेटल हॅलाइड दिवे काढा. एकदा बंद झाले की पुन्हा पेटायला दहा मिनिटं घेतात, म्हणून कोर्ट रिकामं असलं तरी कुणी बंद करत नाही.

कोपरखैरणेची आई
दिवे, पंप सगळं ठीक. पण पॅनेलखाली कबुतरं बसणार त्याचं काय? आमच्या सोसायटीत सोलर बसवलं आणि सहा महिन्यांत खाली घरटीच घरटी. वरून विष्ठा, वीज कमी, सफाईला दर महिन्याला माणूस. माझ्या मुलीला दमा आहे. ती ज्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळते त्याच्याच पत्र्यावर तुम्ही हे बसवणार.

वसंत विहार
कबुतरांवर सगळे का तुटून पडता? माझे वडील तीस वर्षं दाणे टाकायचे, घरात कुणाला काही झालं नाही.

कोपरखैरणेची आई
काका, तुमच्या घरी झालं नाही म्हणून माझ्या मुलीचा दम्याचा पंप खोटा का? दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्री टाकून बंद केला, तो उगाच? रात्री दोन वाजता पोरीची छाती घरघरते तेव्हा या, आणि मग दाणे टाका.

वसंत विहार
मुलीचं वाईट वाटतं, मनापासून. पण मुक्या जिवाला उपाशी मारा असं कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही. दाणे थांबवून कबुतरं एका दिवसात जातात असं समजू नका.

पाचपाखाडीकर
आता कबुतरांवरच बोलायचं का? मूळ मुद्दा पत्र्याचा. आमच्या हॉलचा पत्रा समुद्राच्या हवेने गंजलाय, पावसात चार ठिकाणी बादल्या ठेवतो. त्यावर कोण वजन टाकणार?

नेरुळकर
हा मुद्दा आधी मांडला असता तर मी एवढं भांडलोच नसतो. गंजक्या पत्र्यावर पॅनेल लावू नयेच. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भार तपासा. नसेल झेपत तर पार्किंगवर शेड उभारा, गाड्यांनाही सावली. आणि कबुतरं अडवायला जाळी पहिल्या दिवसापासून, पॅनेलच्या चारी कडांना. ताई, तो खर्च मी अंदाजपत्रकात धरला नव्हता, आता धरतो.

पाचपाखाडीकर
दिवे बदलायला माझी हरकत नाही. पार्किंगच्या शेडचा आकडा घेऊन या, मग मत देईन. पत्र्याला मात्र माझा विरोध कायम.

कोपरखैरणेची आई
जाळी लेखी हवी.