राज्याभिषेकाचा 'वर्धापनदिन' म्हणावं का?

एका निमंत्रणपत्रिकेचा मजकूर तपासायला आलाय. 'शिवराज्याभिषेकाच्या ३५२ व्या वर्धापनदिनानिमित्त' असं लिहिलंय. वाचताना पतसंस्थेचा कार्यक्रम वाटतो. दुसरा शब्द सुचवाल का? 'स्मृतिदिन' नको, तो दुखवट्याचा आहे. शिवाय खाली एका ठिकाणी 'राज्यभिषेक' छापलंय, ते मी दुरुस्त करतोच आहे.

—

'वर्धापन' चूक नाही हो. वृध्, म्हणजे वाढणे, हा धातू. वाढदिवशी करायच्या विधीलाही संस्कृतात वर्धापनच म्हणतात. पण मराठीत तो शब्द संस्थांनी आणि दैनिकांनी इतका वापरला की त्याला फीत कापल्याचा वास येतो. तुम्हाला खटकलं ते बरोबरच.

मला विचाराल तर इथे वेगळा शब्द लागतच नाही. रामनवमीला आपण 'रामजन्माचा वर्धापनदिन' म्हणतो का? दुपारी बाराला राम जन्मतो, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. दरवर्षी. रायगडावरही तसंच. ६ जूनला राजसदरेवर नुसती भाषणं होत नाहीत. महाराजांच्या उत्सवमूर्तीवर खरोखर अभिषेक होतो, पाण्याचा आणि होनांचाही, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचा. मग पालखी जगदीश्वराकडे निघते. म्हणून लोक सरळ 'राज्याभिषेकाला गडावर चाललोय' म्हणतात. 'राज्याभिषेकाच्या वर्धापनदिनाला चाललोय' म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

आता 'राज्यभिषेक'बद्दल. राज्य + अभिषेक, दोन अ मिळून आ, म्हणून 'ज्या'. अभिषेकात 'सिच्' धातू आहे, शिंपडणे, सिंचन त्यातलंच. 'अभि'मधल्या इकारामुळे स चा ष झाला. म्हणजे या शब्दात मुकुट नाही, सिंहासनही नाही, फक्त पाणी आहे. आसनावर बसणं ते सिंहासनारोहण. गागाभट्टांनी सांगितलेल्या विधीत दोन्ही होतं, पण नाव पडलं ते पाण्याचं! आणि ज्याच्यावर ते पाणी पडलेलंच नाही तो 'अनभिषिक्त सम्राट'. (हाही शब्द हमखास 'अनाभिषिक्त' असा छापला जातो. कशाला तो काना?)

—

शब्दाचं पटलं, पण आकडाही पाहून घ्या. २०२३ मध्ये '३५० वा राज्याभिषेक' म्हणून कमानी लागल्या, २०२४ मध्ये पुन्हा ३५० चेच फलक दिसले, आणि लोक चक्रावले. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. १६७४ चा सोहळा पहिला धरला तर २०२३ चा ३५० वा. ३५० वर्षं पूर्ण झाली ती २०२४ मध्ये. 'वा' लावलात की पहिल्यापासून मोजायचं, 'वर्षपूर्ती' म्हटलंत की झालेली वर्षं मोजायची. 'वर्धापनदिन' यात धड कुठलीच बाजू घेत नाही, त्यामुळे तो काढलेला बरा.

महाराजांनी स्वतःच मोजायची सोय करून ठेवली होती, राज्याभिषेक शक. आनंदनाम संवत्सर, शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, तिथून शक १. शालिवाहन शकातून १५९५ वजा केले की राजशक मिळतो. फक्त चैत्रापासून त्या त्रयोदशीपर्यंत एक आणखी कमी. त्या काळच्या पत्रांची सुरुवातच 'स्वस्ति श्री राज्याभिषेक शक' अशी असते, पुढे 'क्षत्रियकुलावतंस'. अवतंस म्हणजे कानातलं किंवा डोक्यावरचं भूषण. पत्रिकेत हे बिरुद असेल तर 'वतंस' जोडूनच छापा, मध्ये तोडू नका.

—

तारीख की तिथी हा वाद इथे नको, पण एक सांगतो. ६ जून ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेतली आहे. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १६ जून येतो. त्यामुळे 'तिथी हलते, तारीख पक्की' हे म्हणणं तितकंसं खरं नाही. पत्रिकेत दोन्ही द्या. आणि 'दिन' आणि 'सोहळा' एकत्र नकोत. 'राज्याभिषेक दिन सोहळा' फार जड होतं.

—

सगळ्यांचे आभार. वरची ओळ 'श्रीशिवराज्याभिषेक सोहळा', खाली 'ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी' आणि राजशक, इतकंच ठेवलं. आकड्यापुढचा 'वा' काढून टाकला. यजमानांना 'वर्धापन' गेल्याचं वाईट वाटलं, म्हणाले, भारदस्त होता.